अकरा वाजताचा फोन

शूटर गेला हे मला मेहकरच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर कळलं, आणि मी टपरीवाल्यावर खेकसलो. त्याचा काही गुन्हा नव्हता. त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरून विचारलं होतं की हा तुमचाच व्हॉलीबॉलचा प्लेअर ना. फोटोभोवती फुलांची चौकट, खाली जोडलेले हात. आमच्याकडे वाढदिवसालाही माणसाला तसल्याच चौकटीत बसवतात, म्हणून मी त्याला म्हटलं, आधी नीट वाचत जा, मग लोकांना दाखवत जा. त्याने वाचून दाखवलं. तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाइल वाजायला लागला आणि तो काही थांबेना. लोणारहून, खामगावहून, हिवरा आश्रमातून, जिथे जिथे त्याला खेळताना पाहिलेली माणसं होती तिथून फोन. सगळ्यांचं एकच, काका, खोटं आहे ना? पहिल्या चार-पाच जणांना तर मी ठामपणे सांगितलं की साफ खोटं आहे. मग त्याच्या टीमच्या लिफ्टरचा फोन आला. तो नुसता रडत होता. तेव्हा मी बाकावर बसलो. माझा चहा कोणी प्यायला कोण जाणे.

वय त्रेचाळीस. सकाळी दहाला आपल्या दुकानासमोर एका लोखंडी गेटला वेल्डिंग करत होता. छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाला, तोंडावरची काच वर केली, स्टुलावर बसला, तो बसलाच. चार दिवसांपूर्वी रस्त्यात भेटला होता तेव्हा माझ्याच गोळ्यांची चौकशी करत होता. मी त्रेसष्टचा, बीपी, साखर, एक गुडघा कामातून गेलेला. माझ्या दारावरून वळून त्याच्या दारात जायचं त्या यमाला काही कारण होतं का, असं मी दिवसभर भेटेल त्याला विचारत होतो. लोक मान हलवत होते.

नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. त्याचं तर नाहीच. ते नाव मी मायकवर इतकी वर्षं ओरडलो आहे की आता ते तोंडात आलं तरी मला माझाच राग येतो. का, ते सांगायलाच बसलो आहे.

आमच्या भागात व्हॉलीबॉलचं वेड जुनं आहे. दोन बांबू, एक जाळं, पाणी मारून दाबलेली जमीन, की झालं मैदान. लिफ्टर चेंडू जाळ्यापाशी उचलून देतो आणि शूटर उडी मारून तो पलीकडे हाणतो. पाहणारे शूटरसाठीच येतात. आमचा शूटर तसा उंचीला बेताचाच, खांदे वेल्डरचे, पाय मात्र बोकडासारखे. तो उडाला की खाली यायला अंमळ उशीर करायचा असं वाटायचं. समोरचे ब्लॉकला उडून परत जमिनीवर टेकलेले असायचे आणि हा अजून वरच. त्याच्या मॅचला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं यायची. खेळ संपला की तो जाळं गुंडाळायला स्वतः थांबायचा, त्यामुळे पोरं त्याच्यावर जीव टाकायची. या भागात वीस-पंचवीस घरांच्या गेटवर नक्षीत एक लोखंडी गोल दिसेल. पाहुण्यांना तो सूर्य वाटतो. तो व्हॉलीबॉल आहे. गेट करायला दिलेल्या चाहत्यांनी हट्टाने त्याच्याकडून करवून घेतलेला.

आणि मी त्या मॅचचा कॉमेंटेटर. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. पुढे सरका, पुढे सरका करून आवाज असा पिकला होता की तो सुटीच्या दिवशी कुठे तरी वापरावाच लागे. शेरोशायरी, मराठी, हिंदी, वऱ्हाडी, सगळं एकाच पोत्यात भरून मी मायकवर ओतायचो. शूटरने पॉइंट घेतला की डबल बेल, असं मी ओरडलो की लोक हसायचे. त्याला मोठा केला तो त्याच्या पायांनी, पण लोक म्हणायचे की कंडक्टर काकांच्या तोंडाने केला. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

त्या दिवशी आम्ही चौघे जीप करून त्याच्या गावी गेलो. लोणारच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर माती झाली. मीही तीन मुठी टाकल्या. सकाळी दहाला स्टुलावर बसलेला माणूस संध्याकाळी साडेपाचला मातीखाली होता. मी याआधी अशा कितीतरी मयतींना गेलोय, त्यांच्यात उशीर करत नाहीत हे मला काय नवं नव्हतं. पण त्या दिवशी हातातली माती झटकताना मी घड्याळ पाहिलं आणि हे किती झटपट असतं ते बोटांवर मोजलं. कारण पंधरा वर्षांपूर्वी याच झटपटीचा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. की मी येऊ दिला नव्हता.

ती खामगावची फायनल. आमच्या भागात ती मॅच माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मैदानावर, थंडीचे दिवस, हवेत सरकीचा वास. तीन गेमची फायनल आणि पहिला गेम आमची मेहकरची टीम हरलेली. मी मायकवर होतो. स्पर्धेच्या पत्रकावर चौकशीसाठी माझाच नंबर छापलेला होता. बरोबर अकरा वाजता फोन आला. पलीकडे शूटरचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "काका, अब्बा गेले. भाईले लवकर पाठवा." मी म्हणालो, "सांगतो त्याले, आत्ता सांगतो."

मी सांगितलं नाही. आधी कमिटीच्या अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, अर्ध्या-पाऊण तासाचा तर सवाल आहे, थोरला पोरगा आल्याबिगर कोणी उचलते का? मलाही ते पटलं. आमच्यात थोरल्यासाठी थांबतात. पोरगा सुरतेहून यायचा असला तरी बर्फाच्या लाद्या आणून रात्र काढतात. माझ्या डोक्यात आमचीच रीत फिरत होती. कमिटीत दोन मुसलमान गडी होते, मंडपामागे पाहुण्यांच्या जेवणाचं पाहत होते. त्यांना जाऊन विचारायला वीस पावलं लागली असती. आम्ही विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आणि मला तर मॅच पाहायची होती. बाकीची कारणं मी नंतर जमवली, तेव्हा एवढं एकच होतं.

आम्ही उरलेले दोन्ही गेम जिंकलो. सव्वाबाराला मी त्याला मंडपामागे नेऊन सांगितलं. मग त्याने विचारलं, "फोन कवा आला, काका?" मी म्हणालो, "आत्ताच." त्याने जर्सीवरच शर्ट चढवला आणि जीपमध्ये बसला. तिथून त्याचं गाव अडीच तास. अकराला निघाला असता तर दुपारच्या जोहरच्या नमाजला बापाजवळ उभा असता. तो पोचला तेव्हा लोक कब्रस्तानातून परत येत होते. हे मला आठ दिवसांनी कळलं. माझ्या मोबाइलवर त्याच्या भावाचे तीन फोन येऊन गेलेले होते, भोंग्याच्या आवाजात मला ते ऐकू आलेच नाहीत. ते मात्र खरं आहे.

इथवरही एक वेळ माणूस चुकला म्हणता येईल. पुढचं ऐका. जीप गेली, इकडे बक्षीस समारंभ. लोक शूटर शूटर ओरडताहेत, पाहुणे विचारताहेत कप कोण घेणार, आणि माझ्या हातात मायक. मायक हातात असला की मला शांतता सहन होत नाही. मी म्हणालो, मंडळी, तो गेलाय आपल्या बापाला माती द्यायला. सकाळीच त्याच्या कानावर मयतीची खबर आली होती, पण हा वाघ मैदानातून हटला नाही, म्हणाला आधी गावाची इज्जत. शेवटचा पॉइंट त्याने भरल्या डोळ्यांनी मारला. सगळं मैदान उभं राहिलं. म्हातारे धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मीही रडलो. अगदी खरं रडलो.

दोन दिवसांनी हे छापून आलं. मग ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. जिथे जाईल तिथे त्याची ओळख तीच. मी दर मॅचला ते सांगायचो आणि दर वेळी थोडं मीठ वाढवायचो. त्याने मला कधी विचारलं नाही. भेटला की आधी वाकून नमस्कार, मग काका कसे आहात. एकदाच, हिवरा आश्रमाजवळच्या एका स्पर्धेत मी गोष्ट सुरू करणार एवढ्यात तो मायकपाशी आला आणि हळूच म्हणाला, ते राहू द्या आज. मला वाटलं गडी लाजतोय. ते मी त्याच्या लाजण्यासकट मायकवर सांगितलं आणि टाळ्या मिळवल्या.

तर त्याच्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी चाहत्यांनी गावच्या शाळेच्या मैदानात शोकसभा ठेवली. सतरंज्या, मायक, टेबलावर मोठा फोटो. फोटोला हार घालू नका असं घरच्यांनी सांगितलं होतं म्हणून हार फोटोसमोर टेबलावर ठेवलेला. माणसं मावत नव्हती. एका शेतकऱ्याने त्याने फोडलेला चेंडू जपून ठेवला होता तो दाखवायला आणला. एक मास्तर म्हणाले की त्याच्यामुळे आमच्या शाळेची पोरं तंबाखू सोडून मैदानावर आली. आणि बोलायला उठलेला प्रत्येक जण शेवटी खामगावच्या फायनलवर यायचा. कोणी म्हणालं, खबर आल्यावर त्याने मैदानाची माती कपाळाला लावली. कोणी म्हणालं, बापाचा शेवटचा शब्दच 'खेळ' हा होता. मी ऐकत होतो. माझ्या एका खोट्याला पंधरा वर्षांत लेकरंबाळं झाली होती, आणि ती सगळी आज त्याच्या दारात येऊन रडत होती.

मग माझं नाव पुकारलं. मी उठलो तेव्हा ठरवलं होतं की खरं सांगायचं. देवाशपथ ठरवलं होतं. मायक हातात आला, समोर तीन-चारशे माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर, आणि माझ्या तोंडातून निघालं, मंडळी, त्या दिवशी सकाळीच त्याच्या कानावर मयतीची खबर आली होती. माझं तोंड मला न विचारता बोलत होतं. पाठ झालेला रस्ता गाडी आपोआप धरते तसं. मी गावाच्या इज्जतीपर्यंत आलो तेव्हा पहिल्या रांगेत बसलेला त्याचा धाकटा भाऊ उठला आणि कोणाकडे न पाहता सभेतून चालू पडला. मी मायक ठेवला. लोकांना वाटलं काकांचा कंठ दाटला. कोणी तरी मला पाणी आणून दिलं.

भाऊ शाळेमागे हातपंपाजवळ उभा होता. खामगावच्या वेळी मिसरूड फुटलेला पोरगा, आता पस्तिशीचा, केसात पांढरं आलेलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर तो बाजूला सरला. म्हणाला, राग मानू नका, पण हे बंद करा आता. अम्मा घरात बसून सगळं ऐकते. मी म्हणालो, का, वाईट काय बोललो? हे विचारताना मला खरोखर काही माहीत नव्हतं, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावं. त्याची अब्रू वाढवणाऱ्या त्या गोष्टीने कोणाचं काही गेलं असेल हे पंधरा वर्षांत माझ्या मनालाही शिवलं नव्हतं.

त्याने मला सांगितलं. अम्मा पंधरा वर्षं भाईशी बोलली नव्हती. एकाच गल्लीत दोन घरं, पण ती त्याच्या घरी पाणी पीत नव्हती. ईदला तो शीरखुर्मा घेऊन यायचा आणि तिच्यापुढे मान वाकवायचा. ती डोक्यावर हात ठेवायची, तोंडातून शब्द नाही. त्याच्या दोन्ही पोरी तिच्या मांडीवर वाढल्या, पण त्यांचा बाप दारात आला की म्हातारी तोंड फिरवून तस्बीहचे मणी ओढायला लागायची. बापाच्या मयतीची खबर ऐकून जो चेंडू खेळत राहतो त्याला मी काय बोलू, असं तिने एकदाच म्हटलं होतं. त्याच्या खेळाचं नाव त्या घरात निघायचं नाही. गल्लीतली पोरं सुद्धा तिच्यासमोर व्हॉलीबॉल म्हणायची नाहीत.

मी हातपंपाच्या ओट्यावर बसलो. शूटर गेल्याचं कळलं तेव्हा बसलो होतो त्याहून वाईट बसलो. तेव्हा कोणी तरी मेलं होतं. आता मला कळत होतं की त्याच्यातलं निम्मं माणूस मी पंधरा वर्षांपूर्वीच मारून टाकलं होतं आणि वर मायकवर त्याची आरती करत होतो.

"त्याले माहीतच नव्हतं," मी म्हणालो.

भावाने विचारलं, "काय?"

"तुह्या भाईले माहीतच नव्हतं. तुहा फोन मी माह्यापाशी ठेवला. मॅच सरल्यावर सांगतलं. बाकी सगळं मी माह्या मनानं बोललो."

मला वाटलं आता मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तो पंपाच्या दांड्याला धरून उभा राहिला. म्हणाला की त्या दिवशी भाई घरी आला तेव्हा मीच त्याची कॉलर धरली होती, सगळ्यांसमोर. मग म्हणाला, चला, हे तिले सांगा. मी म्हणालो, उद्या सांगतो. तो म्हणाला, तुम्ही अकरा वाजताही असंच म्हणले होते.

अम्मा ओसरीत बाजेवर बसली होती. आतल्या खोलीत शूटरची बायको इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावरच्या एकांतात, तिच्याजवळ बायका. दारावर पडदा. अम्माने मला पाहून डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बसा भाऊ म्हणाली. माझ्या आवाजामुळे मला सगळा जिल्हा ओळखतो, तिनेही ओळखलं असणार. मी खाली चटईवर बसलो आणि सांगितलं. या वेळी मायक नव्हता म्हणून असेल, पण सरळ सांगितलं. अकराला फोन आला, मी उचलला, सांगतो म्हणालो, सांगितलं नाही, सव्वाबाराला सांगितलं, तेही आत्ताच आला म्हणून. मैदानात बोललो ते खोटं. तेव्हापासून बोलत आलो ते खोटं. आत्ता तासाभरापूर्वी बोललो तेही खोटं. पडद्याखाली बायकांची पावलं दिसत होती.

ती हातातले मणी सरकवत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिने हात वर केला.

"तो बोलला होता मले," ती म्हणाली. "पेपरात छापून आलं त्या दिवशी. माह्या पायापाशी बसून बोलला का अम्मा, मले मॅच सरल्यावर सांगतलं. मी म्हटलं, तो कंडक्टर काऊन झूट बोलन? त्याचा काय फायदा? तो तर म्हणते तुले सकाळीच सांगतलं." ती थांबली. "मंग तो पुन्हा कधीच नाही बोलला."

मला तिथून उठता आलं असतं तर मी पळालो असतो. तिच्या पोटच्या पोराने तिला खरं सांगितलं होतं, आणि तिने त्याच्यावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला होता. कधी तोंड न पाहिलेल्या एसटीच्या कंडक्टरवर. मी तिला रडताना पाहिलं नाही. रडत होता तो धाकटा, दाराच्या चौकटीला टेकून. मी अम्माला म्हणालो की मला काय शिक्षा द्यायची ती द्या. ती म्हणाली, मी कोण देणार, जो देणार तो देईन. मग तिने पदर सारखा केला आणि विचारलं,

"कसा खेळला तो त्या दिवशी?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं. पंधरा वर्षांत तिने आपल्या मुलाच्या खेळाविषयी एक अक्षर ऐकून घेतलं नव्हतं. जाळ्यापाशी तो कसा उडायचा हे तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि कोणी सांगायला गेलं तर उठून आत जायची. आता तिला ते ऐकायचं होतं. आणि सांगायला समोर कोण, तर प्रत्यक्ष कॉमेंटेटर.

मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. मैदान आठवलं, सरकीचा वास आठवला, मोबाइलचा आवाज आठवला, अध्यक्षांची टोपी आठवली. तो कसा खेळला ते आठवेना. एकही शूट आठवेना. दुसरा गेम कितीवर संपला आठवेना. जी मॅच मी हजार वेळा सांगितली ती मी कधी पाहिलीच नव्हती जणू. माझ्याजवळ उरलं होतं ते माझंच भाषण. खोटं रचून सांगणं मला अवघड नव्हतं, पंधरा मिनिटं सहज रंगवली असती. पण तिच्यासमोर जीभ उचलली नाही.

"मले आठवत नाही, अम्मा," मी म्हणालो.

ती म्हणाली, मग ज्याला आठवते त्याला घेऊन या.

मी परत शाळेत गेलो. सभा संपली होती, माणसं घोळक्याने उभी होती, कोणी सतरंज्या झटकत होतं. चेंडू जपून ठेवलेल्या शेतकऱ्याला मी विचारलं, खामगावच्या फायनलला तो कसा खेळला? तो म्हणाला, काय सांगू काका, बापाच्या मयतीची खबर कानावर आली... मी त्याला थांबवलं. म्हणालो, खबर आलीच नव्हती त्याच्या कानावर, ती माझ्या खिशात होती, मी लपवली, आता खेळ सांग. तो माझ्याकडे वेड्यासारखा पाहायला लागला. मास्तरांना विचारलं, त्यांनीही तिथूनच सुरुवात केली. तिसऱ्याने, चौथ्याने, ट्रॉलीत बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी, सगळ्यांनी तिथूनच. मी प्रत्येकाला तेच सांगत गेलो, मोठ्या आवाजात, आणि माझ्याभोवती माणसं गोळा होत गेली. एक जण म्हणाला, काकाले धक्का बसला वाटते, घरी न्या त्यांना.

मग लिफ्टर पुढे आला. त्या दिवशी जाळ्यापाशी तोच होता, शूटरला दर चेंडू त्यानेच उचलून दिला होता. मी त्यालाही विचारलं.

"खरं सांगू का काका? त्या दिवशी तो काही खास खेळला नाही," तो म्हणाला. "पायात गोळा येऊन राह्यला होता त्याच्या. पहिल्या गेमले त्याचे तीन-चार शूट बाहेर गेले. माह्यावर चिडला, मंग हसला, म्हणे तू बराबर देऊन राह्यला, मीच लंगडा झालो. शेवटचा पॉइंट तर त्यानं मारलाच नाही. समोरच्याची सर्व्हिस जाळ्यात गेली."

या मॅचसाठी मी तो फोन खिशात ठेवला होता. मी लिफ्टरचा हात धरला आणि गल्लीकडे चालायला लागलो. दाराशी आल्यावर तो थबकला आणि विचारलं, हे असंच सांगायचं का अम्माला? मी म्हणालो, असंच सांग, आणि तो माझ्याआधी आत गेला.